सूचनापेटीची किल्ली

आमच्या शाळेच्या कचेरीबाहेर एक सूचनापेटी टांगलेली आहे. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. वर्षाकाठी तिच्यातून गोळ्यांचे कागद निघतात आणि ‘सर्व ठीक आहे’ अशा दोन-तीन निनावी चिठ्ठ्या. निनावी कसल्या! सारा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेल्या माणसाला सहकाऱ्यांचे अक्षर ओळखू येणार नाही काय?

तरीही कारखान्यांतून, बँकांतून आणि आता शिक्षणसंस्थांतूनही कर्मचाऱ्यांचे ‘अभिप्राय’ मागवण्याची टूम आहे. छापील तक्ता, १ ते ५ गुण, तळाशी ‘अन्य सूचना’ म्हणून दोन ओळींची जागा. आणि तक्ता बहुधा इंग्रजीत! घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या आमच्या सीमाभागातल्या शिपायाने तो भरायचा कसा? बिचारा कारकुनाकडून भरून घेतो. गाऱ्हाणे कारकुनाविषयीच असले म्हणजे? याला अभिप्राय म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ साली कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या. १९३० पर्यंत त्यांची संख्या २१ हजारांवर गेली. आरंभी प्रश्न ठरलेले असत. कामगार मात्र प्रश्न सोडून भलतेच बोलत. तेव्हा तिथल्या जाणत्यांनी प्रश्नावलीच बाजूला ठेवली. माणसाला हवे ते बोलू द्यायचे, मध्ये तोंड घालायचे नाही, नाव गुप्त ठेवायचे. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबू लागली. आपण शिकावे ते हे.

पण तिथलेच एक मला पटत नाही. नुसते बोलूनच माणसाचे मन हलके होते, याचे तिथे फार कौतुक झाले. मन हलके झाले, यंत्र होते तिथेच राहिले, तर त्याला ऐकणे म्हणावे काय?

हे मी दुसऱ्यांना विचारतो आहे खरा. पाच वर्षांपूर्वी आमच्या एक बाई म्हणाल्या, “सर, शनिवारची सभा लांबते नि माझी गावची शेवटची गाडी चुकते.” मी खुर्ची दिली, चहा मागवला, तासभर ऐकले. “बघू या,” म्हणालो. पाहिले काहीच नाही. त्या पुन्हा कधी कचेरीत आल्या नाहीत, आणि मी समजत होतो, बाईंची तक्रार मिटली!

यंदा जूनपासून सभा मधल्या सुट्टीत घेतो. बाईंनी अद्याप दुसरे काही सांगितलेले नाही.