मैदानावरील मानवंदना

थोरांचे स्मरण बहुधा हारतुऱ्यांनी होते. बंगळूरमधील हलसूरजवळच्या गौतमपुरा वस्तीला मात्र फुटबॉलचे असे वेड की, तेथे ब्राझीलच्या पेलेचाही पुतळा उभा आहे. अशा वस्तीत जुन्या खेळाडूंचा गौरव करावयाचा, तर तो सामना खेळूनच शोभतो.

गौरव करावा असे खेळाडू या शहराने दिलेही आहेत. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सामना आपण २-१ असा गमावला. परंतु आपला तो एक गोल केला बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांनी. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपल्यावर १० गोल चढविले. त्या दिवशीचा आपला एकुलता एक गोल बंगळूरच्याच अहमद खान यांचा!

दोन्ही सामने आपण हरलो, तरी ते दोन गोल विसरण्याजोगे नाहीत. स्मृतिसामन्यात म्हातारे खेळाडू आणि पोरे एकाच मैदानात उतरतात, तेव्हा हीच जिद्द पुढच्या पिढीच्या पायांशी येते.

आपल्या गावीही असा एखादा विस्मृत खेळाडू असेल. त्याला हार अवश्य घाला; पण त्याआधी मुलांचे मैदान राखा. हार संध्याकाळी सुकतो. मैदान राहिले, तर खेळ राहील.