पोर 'वीक' आहे म्हणजे नेमके काय आहे?

आमच्या सीमाभागातील खेड्यांत इंग्रजी भाषा अजून नीटशी पोचलेली नाही. पण तिच्यातला एक शब्द मात्र घरोघरी पोचला आहे. तो म्हणजे 'वीक'. पोरगा गणितात वीक, पोरगी विज्ञानात वीक, अमक्याचा धाकटा सगळ्यातच वीक! पालकसभेत गुरुजी हा शब्द उच्चारतात, बाप मान खाली घालून ऐकतो आणि घरी जाऊन तोच शब्द पोराच्या तोंडावर फेकतो. दोन अक्षरांत पोराचा वर्षाचा हिशेब मिटतो. कित्येक वर्षे फळ्यासमोर उभे राहून आणि समितीच्या कामानिमित्त चिटगुप्प्याच्या आसपासची गावे हिंडून आमचे मत असे झाले आहे की, या एका शब्दाने आमच्या मुलांचे जेवढे नुकसान केले, तेवढे अवघड प्रश्नपत्रिकांनीही केलेले नाही.

मुळात हा शब्द आमच्या कानाला फसवा आहे. देवनागरीत 'वीक' लिहिले की त्याचा अर्थ आठवडाही होतो आणि अशक्तही. इंग्रजीत दोहोंची अक्षरे वेगळी, उच्चार तेवढा एक. आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजीला विचाराल, तर तिच्या मराठीत 'वीक' म्हणजे 'विकून टाक'. तूर वीक, म्हैस वीक! 'नातू वीक आहे' हे ऐकून तिने काय समजावे? विनोद बाजूला ठेवू. पण आजीला जेवढा बोध झाला, त्याहून फारसा अधिक बोध बापालाही होत नाही, ही गोष्ट विनोदाची नाही.

आमच्या घरचे शब्द

इंग्रज माणूस हा शब्द जागोजागी वापरतो. चहा वीक, नजर वीक, दोरी वीक, पुरावा वीक, सरकार वीक, बाजार वीक. त्याचे त्यात अडत नाही, कारण मागच्यापुढच्या शब्दांवरून त्याला अर्थ उमगतो. शिवाय या शब्दाचे मूळ पाहिले तर त्यात निंदा नाही. उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला. वाकणे, नमणे ही त्यामागची कल्पना. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद 'वाइख' म्हणजे नुसते मऊ. पुरात वाकणारी लव्हाळी तगतात, हे वारकऱ्यांच्या घरांत निराळे सांगायला नको.

पण हा शब्द मराठीत आणताना त्याचे आमच्या भाषेत किती शब्द होतात, ते पाहावे. चहा पांचट किंवा फिका असतो. दूध पातळ असते. जमीन हलकी असते, बी पोचट निघते, बैल रोडका असतो, लुगडे विरलेले असते, भिंतीचा पाया कच्चा असतो. डोळा अधू होतो, नाडी मंद चालते, आवाज क्षीण होतो, दिवा मिणमिणतो. आजारातून उठलेला माणूस अशक्त असतो. कोर्टात पुरावा आणि घरात सबब लंगडी असते. चुगलीवर विश्वास ठेवणारा कानाचा हलका, लगेच डोळ्यांत पाणी आणणारा मनाचा हळवा, आणि हक्काचेही न मागणारा भिडस्त. अडतीवर तुरीचा भाव नरम असतो. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत असते, त्याला आम्ही दुबळा म्हणतो; तिथे दुबळेपण अंगातले नसून चुलीतले असते.

ही शब्दांची श्रीमंती मिरवण्यासाठी आम्ही यादी दिलेली नाही. यातील प्रत्येक शब्द उणीव कुठे आहे ते सांगतो आणि उपायही सुचवतो. कच्चे असेल ते पक्के करता येते. अशक्ताला अन्न लागते, अधू डोळ्याला चष्मा लागतो, भिडस्ताला धीर लागतो, हलक्या जमिनीला शेणखत लागते. पोचट बियाला मात्र खत घालून उपयोग नाही, ते बदलावेच लागते. 'वीक' हा शब्द यांतले काहीच सांगत नाही. दुखणे कुठे आहे हे न सांगता नुसते 'आजारी' लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाऊ काय?

शास्त्राचा दाखला

विज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना एक भेद शिकवतो, तो मोठ्यांनीही ध्यानात ठेवावा. आम्ल सौम्य असणे वेगळे आणि विरल असणे वेगळे. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल सौम्य असते. पाण्यात त्याचे थोडेच रेणू फुटतात, तो त्याचा स्वभाव आहे. गंधकाम्ल तीव्र असते. त्यात भरपूर पाणी मिसळले म्हणजे ते विरल होते, सौम्य होत नाही. त्याचा स्वभाव तीव्रच राहतो. लोकव्यवहारातला 'वीक' शब्द हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो. स्वभाव कोणता आणि बाहेरून ओतलेले पाणी किती, हा प्रश्नच तो पडू देत नाही.

व्याकरणातला दाखला तर याहून बोलका आहे. जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनी क्रियापदांचे सबळ आणि दुर्बळ असे दोन वर्ग पाडले. 'सिंग'चे 'सँग' होते, म्हणजे शब्द आतूनच बदलतो, तो सबळ. 'वॉक'चे 'वॉक्ड' होते, म्हणजे शेवटी शेपूट जोडावे लागते, तो दुर्बळ. आज इंग्रजीत नव्याने येणारी बहुतेक सगळी क्रियापदे या दुर्बळांच्याच रांगेत बसतात. दुर्बळ ठरवलेल्यांनी भाषा व्यापली. कपाळावर मारलेला शिक्का म्हणजे भविष्य नव्हे, एवढाच यातला बोध.

सीमाभागातल्या पोराचे दुखणे

आता मुद्द्याचे बोलू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि त्यासोबत आमचे चिटगुप्पा म्हैसूर राज्यात आले. नकाशावरची रेघ एका दिवसात पडली. घरातली बोली मात्र होती तीच राहिली. इथले मराठी पोर घरी मराठी बोलते, बाजारात दखनी बोलते, मोटार-स्टँडवर कन्नड ऐकते आणि शाळेत इंग्रजीची अक्षरे गिरवते. दहाव्या वर्षी चार भाषांत वावरणाऱ्या या पोराला दुर्बळ म्हणायचे असेल, तर सबळ कोणाला म्हणायचे?

हे पोर कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. तिथे शाब्दिक उदाहरण येते. एका पोत्यात अमुक किलो तूर, तर इतक्या पोत्यांत किती? बापाबरोबर अडतीवर बसून हाच हिशेब ते तोंडी करते. पण वहीत ते अडते, कारण आकडे ओळखीचे असले तरी वाक्य परके असते. उत्तर चुकते, शेरा पडतो 'गणितात वीक'. मग बाप शिकवणी लावतो, पोर पुन्हा पाढे घोकते, आणि तरीही उत्तर चुकतेच. दुखणे पोटात आणि लेप पायाला! त्याचा हिशेब कच्चा नव्हताच. आमचे पोर सौम्य नाही, विरल झाले आहे; त्यात पाणी कशाचे मिसळले गेले, ते पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

कायद्याने ही तसदी घेतली आहे. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही मातृभाषेचे माध्यम आहे. मात्र 'शक्य असेल तेथवर' असे शब्द त्याला जोडले आहेत. यालाच आम्ही लंगडेपणा म्हणतो. 'वीक' म्हणायचेच असेल, तर पोराआधी या तीन शब्दांना म्हणावे.

आणखी एक विसंगती पाहा. घटनेच्या ४६ व्या कलमात 'दुर्बल घटक' असा शब्दप्रयोग आहे आणि त्याच्या इंग्रजी प्रतीत हाच 'वीक' शब्द तुलनेच्या रूपात आला आहे. तिथे या शब्दाने जबाबदारी राज्यावर टाकली आहे: यांच्या शिक्षणाची विशेष काळजी घ्या. वर्गात तोच शब्द आला की जबाबदारी आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर पडते. कायद्यात ज्या शब्दाने हक्क मिळतो, त्याच शब्दाने शाळेत कलंक का लागावा?

इथे कोणी आमच्यावर कन्नडद्वेषाचा आरोप करू नये. २०१५ च्या कायद्याने या राज्यातील शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे झाले आहे. तो कायदा नसता तरी इथे जगायचे तर कन्नड उत्तम यायलाच हवी. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू यांनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानी अशा भाषांत पदे रचली. ही आमच्या मातीची रीत आहे. आम्ही रोज वापरतो ते 'कमजोर' आणि 'कमकुवत' हे शब्दही फारसीतून आलेले. शेजारणीकडून विरजण आणावे तसे आम्ही शब्द आणत आलो. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश; मराठीत निधान म्हणजे ठेवा. कन्नड गुरुजींनी पोराला निधान म्हटले तर मराठी आईला आनंदच होईल, आणि आमच्या मते दोघांचेही खरे असेल. दुसरी भाषा पहिलीच्या खांद्यावर उभी राहते. पहिलीलाच पाडले तर दुसरी उभी कशावर राहणार?

काय करता येईल

शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, प्रगतिपत्रकावर 'वीक' लिहू नका. 'सातचा पाढा कच्चा', 'वाचताना अडखळतो', 'अक्षर वाचतो, वाक्य कळत नाही', 'फळ्यावरचे दिसत नाही, डोळे तपासावेत', 'न जेवता येतो' असे लिहा. त्याला एक ओळ जास्त लागेल, पण पोराचे वर्ष वाचेल. चुकलेले गणित एकदा मराठीतून तोंडी घालून पाहा. तोंडी सुटले तर ते गणिताचे दुखणे नाही, भाषेचे आहे.

पालकांनी मान खाली घालून परतू नये. 'सर, कशात कच्चा आहे आणि कशामुळे?' एवढे दोनच प्रश्न अदबीने विचारावेत. एसडीएमसीवर बसलेल्या पालकांनी तर ते बैठकीतच विचारावेत.

आणि समितीच्या कार्यकर्त्यांनी गावनिहाय वही ठेवावी: किती मुले खरोखर पाठात कच्ची आहेत आणि किती केवळ भाषेमुळे अडली आहेत. ती वही गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल. कलम ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे विशेष अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडेही ती पाठवता येईल. नुसत्या घोषणांनी आमची मागणी आजवर लेचीपेची राहिली. पोरांची नावे आणि नेमके शब्द हाती असतील, तर तिला पाठीचा कणा येईल. येत्या घटक चाचणीपासूनच या वहीचे पहिले पान उघडावे.