आटे घट्ट आले, तर प्रोग्रॅमला हात लावू नका

भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज इथल्या शॉपमध्ये काम करणाऱ्या सेटर-ऑपरेटर मित्रांनो, मोठ्या भोकात आतले आटे थ्रेड मिलने पाडत असाल तर एक सवय सोडा. गो गेज गेलं नाही की प्रोग्रॅम उघडून एक्स-वायचे आकडे बदलायचे, ही ती सवय. पुढच्या शिफ्टवाल्याला मूळ आकडा कोणता, हे मग कळत नाही. टॅपचं माप ठरलेलं असतं, थ्रेड मिलचं माप आपण ठरवतो. ते ठरवायची जागा म्हणजे डी ऑफसेट.

एम ३० × २ चा आटा आणि १६ मिमीचा कटर घ्या. प्रोग्रॅम आट्याच्या मापाने लिहा आणि कटरची त्रिज्या डी मध्ये भरा. पहिल्या जॉबला ८.०० ऐवजी ८.०५ भरा. आटा घट्ट येईल, पण जॉब वाचेल. मग गेज लावत डी थोडा-थोडा कमी करा. डी ०.०१ ने कमी केला की व्यास ०.०२ ने वाढतो. मात्र काही मशीनवर डी मध्ये त्रिज्या नव्हे, व्यास भरायचा असतो. तुमच्या मशीनचं सेटिंग आधी बघून घ्या.

उजव्या आट्यासाठी एम ०३ वर जी ४१ आणि जी ०३ वापरून खालून वर या, म्हणजे क्लाइंब मिलिंग होतं. जी ४१ नेहमी सरळ चालीत, जी ०१ वर लावा. फानुकवर तो कमानीत लावला तर अलार्म येतो. आत शिरण्याची कमान कटरच्या त्रिज्येपेक्षा मोठी ठेवा. ती पाव वर्तुळाची असेल तर तेवढ्यात झेड ०.५ मिमी, म्हणजे पिचच्या चौथ्या हिश्शाने, वर गेला पाहिजे. बाहेर पडल्यावर भोकाच्या मध्याकडे सरळ येताना जी ४० द्या.

फीडकडेही लक्ष द्या. भोकात कटरचा मध्य धारेपेक्षा हळू फिरतो. कंट्रोल मध्याचा फीड धरत असेल, तर इथे धारेच्या ६०० मिमी प्रतिमिनिट फीडसाठी प्रोग्रॅममध्ये २८० च लिहावे लागतात. थेट ६०० लिहिले तर दात तुटतील.

सगळ्यात जास्त जॉब रिजेक्ट होतात ते इन्सर्ट बदलल्यावर. जुना इन्सर्ट झिजत गेला तसा तुम्ही डी कमी करत आलात. नवा लावताना तोच डी राहिला, तर नो-गो गेज सरळ आत जातं आणि कापलेलं मटेरियल परत भरता येत नाही. म्हणून इन्सर्ट बदलला की डी पुन्हा ८.०५ करा, पहिला जॉब गेजने तपासा.

शॉपमालकांनो, मशीनजवळ एक वही टांगा. इन्सर्ट कधी बदलला आणि डी किती आहे, एवढंच त्यात लिहायला लावा. आणि प्रोग्रॅम लॉक करून ठेवा.