फ्लॉवरचा पाला कुणाच्या वाट्याचा?

परवा कोरेगाव भीमाच्या बाजारात फ्लॉवर घेतला. भाजीवाल्या मावशींनी सवयीने गड्ड्याभोवतीचा हिरवा पाला मोडला आणि बाजूच्या पाटीत टाकला. "मावशी, पाला पण द्या," म्हटलं तर हसल्या. "गाय पाळलीय का काय बाई तुम्ही?" गाय नाही पाळलेली, पण सहा महिन्यांपूर्वी माझं हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं, हे भर बाजारात कसं सांगणार!

मैत्रिणींनो, हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. सणसवाडीला कंपनीत जाणारी असो की खुरपायला जाणारी, डबे सगळ्यांचे भरायचे आणि आपल्या ताटात तळाचा रस्सा. वर चहा. थकवा आला की मेडिकलमधून टॉनिकची बाटली. आणि पाला गाईपुढे!

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं. बाळंतिणीच्या लाडवातलं अळीवही त्यातलंच. (एक बाळंतपण झालं की अळिवाचा डबा पुढच्या बाळंतपणापर्यंत का बंद होतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे.) शंभर ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये क जीवनसत्त्व जवळजवळ संत्र्याइतकं असतं. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह अंगी लागायला तेच मदत करतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका उलटं काम करतो. मुळ्याच्या पाल्यात मुळ्यापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम. आपण मात्र मुळा किसतो आणि पाला टाकतो.

आता आपली स्वयंपाकाची घाई. या भाज्या चिरल्या की त्यांच्यातली गंधकाची द्रव्यं आणि एक विकर एकत्र येतात आणि सल्फोराफेनसारखी उपयोगी द्रव्यं तयार होतात. उष्णतेने ते विकरच मरतं. म्हणून कोबी-फ्लॉवर आधी चिरून अर्धा तास ठेवायचा, मग फोडणीला टाकायचा. धुवायचा मात्र चिरण्याआधी. वेळ नसेल तर भाजी उतरवल्यावर चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड वरून घालावी, मोहरीतही ते विकर असतं. तडतडलेल्या मोहरीचं ते काम नव्हे. उकडून पाणी ओतून देणं तर सोडाच. या द्रव्यांवर कॅन्सरच्या संदर्भात बरंच संशोधन चाललं आहे, पण "कोबीने कॅन्सर बरा होतो" असं कुणी सांगितलं तर कानामागे टाका. तसंच लोहाच्या गोळ्यांच्या जागी भाजी नाही. मी गोळ्या घेतल्याच.

थायरॉइडच्या भीतीने काही जणींनी कोबी कायमचा सोडलाय. आयोडीनयुक्त मीठ खात असाल, तर शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खायला सहसा अडचण नसते. कच्च्या कोबीच्या रसाचे ग्लास रोज रिचवू नयेत, इतकंच. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर मात्र या भाज्या अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्यात के जीवनसत्त्व असतं.

एक गोष्ट मलाही टोचते. फ्लॉवरवर अळीसाठी फवारे मारावे लागतात आणि औषध आधी पाल्यावरच बसतं. धुतलं तरी सगळं जात नाही. म्हणून पाला हवा तर शेवटची फवारणी कधी झाली हे सांगू शकेल अशा माणसाकडूनच घ्यावा. आपल्या शिरूर तालुक्यात ते विचारणं अवघड नाही, शेतकरी कुणाचा ना कुणाचा दीर-भाऊच असतो. शेतात राहणाऱ्या मैत्रिणींनी तर घरापुरती एक सरी बिनफवाऱ्याची ठेवावी.

कोवळा पाला बारीक चिरून, लसूण आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतला की मेथीसारखीच भाजी होते. घरात पहिल्या दिवशी नाकं मुरडली गेली. दुसऱ्यांदा मी ती आधी माझ्या ताटात वाढून घेतली. मावशी आता पाला बाजूला ठेवतात, पण त्याचे पाच रुपये वेगळे मागतात. त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.