फोन पेटतो, बाजार विसरतो

२०१६ च्या अखेरीस, दोन महिन्यांच्या आत, मोबाइलच्या जगाशी नाते सांगणाऱ्या दोन बातम्या आल्या. ऑक्टोबरमध्ये सॅमसंगने आपला सर्वांत महागड्या फोनांपैकी एक असलेला गॅलेक्सी नोट ७ कायमचा बंद केला, कारण तो पेट घेत होता. डिसेंबरच्या सुरुवातीला मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दोन्ही बातम्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण फोन सुरक्षित असणे ही कोणाची जबाबदारी, हा प्रश्न या दोन टोकांच्या मधोमध उभा आहे.

धसईत तेव्हा दुकानादुकानांत कार्ड फिरवण्याची यंत्रे आली होती. आज त्या यंत्रांची जागा बहुतेक ठिकाणी फोनने घेतली आहे. भाजीचे पैसे फोनवर, ई-पीक पाहणी फोनवर, लाडक्या बहिणीची केवायसी फोनवर, आशाताईंच्या नोंदीही फोनवर. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर फोन ही आता चैन राहिलेली नाही, सरकारी कामाचे ते एक हत्यार झाले आहे. ज्याला नवा परवडत नाही तो सेकंडहँड घेतो, बॅटरी दमली की बदलून घेतो, चार्जर तुटला की बाजारातून दुसरा आणतो. एका मोठ्या कंपनीचा फोन पेटला, तिची नाचक्की झाली, प्रतिस्पर्धी सावध झाले, तर या धड्याचा लाभ त्या पाड्यापर्यंत पोहोचतो का? माझ्या मते फारच थोडा पोहोचतो. स्पर्धेच्या भरवशावर सोडता येईल असा हा विषय नाही.

आधी फोन पेटतो कसा ते पाहू. आपल्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुव अगदी जवळजवळ ठेवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. आतले द्रावण ज्वलनशील असते. पडदा फाटला, चेपला किंवा उष्णतेने वितळला की दोन्ही ध्रुव आतल्या आत जोडले जातात, बॅटरी तापते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेगाने होते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. हे चक्र एकदा सुरू झाले की बटण बंद करून थांबत नाही. सोबत विषारी आणि दाहक वायू बाहेर पडतात. म्हणून चांगल्या बॅटरीत एक छोटे संरक्षक सर्किट असते. चार्जिंग मर्यादेबाहेर गेले किंवा प्रवाह अचानक वाढला की ते पुरवठा तोडते.

नोट ७ मध्ये नेमके काय बिघडले ते सॅमसंगने २३ जानेवारी २०१७ रोजी जाहीर केले. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला ध्रुव दुमडला जात होता. बदली म्हणून दिलेल्या फोनांत दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती. तिच्यात जोडकामाचे टोकदार कण आतले आवरण भेदत होते. म्हणजे दोष दोन आणि कारखानेही दोन, पण मुळाशी घाई एकच: प्रतिस्पर्ध्याच्या आधी, अधिक सडपातळ आणि अधिक काळ टिकणारा फोन बाजारात आणायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले. बदली फोनही धुमसू लागले तेव्हा उत्पादनच थांबवावे लागले. भारतात तर हा फोन विक्रीला येण्याआधीच थांबला. तरीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो सुरू करण्यास मनाई केली आणि न विकल्या गेलेल्या फोनची सूचना आपल्याकडच्या प्रवाशांनी विमानात बसल्या बसल्या ऐकली.

त्या तिमाहीत सॅमसंगच्या मोबाइल विभागाचा नफा आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ९६ टक्क्यांनी घसरला. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जागतिक विक्रीत अॅपल थोडी पुढे गेली. स्पर्धेने शिक्षा दिली, असे वाटावे असेच हे आकडे आहेत. पण एप्रिल २०१७ मध्ये गॅलेक्सी एस ८ आला आणि ग्राहक परतले. २०१७ च्या अखेरीस भारतात शाओमीने सॅमसंगला मागे टाकल्याचे बाजार-अभ्यास संस्थांनी सांगितले. त्याचे कारण कमी किमतीत मिळणारी जास्त वैशिष्ट्ये हे होते. आगीचा त्याच्याशी संबंध नव्हता.

याआधीचा अनुभवही असाच आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबद्दल इशारा दिला होता, तो अनेक वाचकांना आठवत असेल. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याची शक्यता होती. जगभरात तशा सुमारे शंभर घटना घडल्या होत्या. आपल्याकडे अफवांचे एसएमएस फिरले, लोक बॅटरी काढून तिच्यावरचा क्रमांक तपासू लागले, सेवा केंद्रांवर गर्दी झाली. पण नोकिया त्यानंतरही काही वर्षे भारतात पहिल्या क्रमांकावरच राहिली. तिला खाली खेचले ते दोन सिमकार्डांच्या स्वस्त फोनांनी आणि अँड्रॉइडने. ग्राहक सुरक्षेला महत्त्व देत नाही, असा याचा अर्थ नाही. दुकानात उभे असताना त्याला कॅमेरा दिसतो, किंमत दिसते, मेमरी दिसते. पडद्याची जाडी आणि संरक्षक सर्किट त्याला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर स्पर्धा कशी होणार?

या दोन प्रसंगांत एक फरकही आहे. २००७ मध्ये मागचे झाकण काढून फक्त बॅटरी बदलली की काम भागत होते. २०१६ पर्यंत फोन सीलबंद झाले होते, त्यामुळे अख्खा फोनच परत घ्यावा लागला. सडपातळपणाच्या शर्यतीत कंपन्यांनी ग्राहकाच्या हातून ती सोय काढून घेतली आणि त्याची किंमत आज सर्वांत जास्त कोण मोजतो, तर जुना फोन वापरणारा माणूस. सीलबंद फोनची बॅटरी बदलायची म्हणजे मागची काच तापवून, चिकटवलेली बॅटरी पट्टीने उचकटून काढावी लागते. त्या खटाटोपात बॅटरी वाकू शकते, टोचली जाऊ शकते. अधिकृत सेवा केंद्र तालुक्याच्या गावात नसेल तर कल्याण-ठाण्याला जायचे, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि फोनच्या उरलेल्या किमतीच्या मानाने भारी वाटणारी रक्कम द्यायची. त्यापेक्षा बाजारातल्या दुकानात मिळणारी ‘लोकल’ बॅटरी स्वस्त पडते. दुरुस्ती करणाऱ्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. कंपनी त्याला अस्सल सुटा भाग विकतच नसेल तर तो तरी कुठून आणणार?

आता समजा, असा फोन शहापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात उशाशी चार्जिंगला असताना पेटला. फोन एका कंपनीचा, बॅटरी भलत्याच कुणाची, चार्जर तिसऱ्याचा, वायरिंग घराचे. कंपनी म्हणेल, बॅटरी आमची नाही. दुकानदार म्हणेल, पावती दाखवा. भाजलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात जाईल आणि केसपेपरवर फक्त ‘भाजणे’ एवढेच लिहिले जाईल. या अपघाताची कोणत्याही कंपनीच्या प्रतिष्ठेला झळ लागणार नाही, म्हणून कोणतीही कंपनी त्यातून काही शिकणार नाही. याउलट २०२१ मध्ये धुळ्यातल्या एका तरुणाच्या खिशात नवाकोरा, नावाजलेला फोन पेटल्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरली, तेव्हा कंपनीला तातडीने दखल घ्यावी लागली. ते योग्यच झाले. पण ज्याचा फोन जुना आणि ज्याला समाजमाध्यमांवर आवाज नाही, त्याच्या वाट्याला एवढीही दखल येत नाही.

नोंद नसण्याचा दुसरा तोटा म्हणजे खोटा आरोपही टिकून राहतो. एप्रिल २०२३ मध्ये केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात आठ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू फोनच्या स्फोटाने झाल्याची बातमी देशभर पसरली. काही महिन्यांनी न्यायवैद्यक तपासणीत स्फोटक रसायनांचे अंश सापडल्याच्या बातम्या आल्या. पहिली बातमी जितक्या लोकांनी वाचली तितक्यांनी दुसरी वाचली नाही. तपास न होता अफवेवर चालणारी स्पर्धा प्रामाणिक कंपनीलाही न्याय देत नाही.

मग उपाय कसला? याचे उत्तर विजेवरच्या दुचाकींनी दिले आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओलाची स्कूटर रस्त्याकडेला पेटली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमध्ये चढवलेल्या ४० पैकी २० स्कूटर जळाल्या. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. कंपन्यांनी काही गाड्या परत मागवल्या, पण खरा बदल झाला तो केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमून बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक केल्यावर. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने सर्वच कंपन्यांना लागू झाले. निकष सर्वांना सारखा असला की सुरक्षेत काटकसर करून स्वस्तात विकण्याची सोय राहत नाही. मग स्पर्धा उरलेल्या गोष्टींवर खुशाल व्हावी.

फोनच्या बाबतीत कायद्याची चौकट आहे. फोन, चार्जर, बॅटरी आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्यावर टाकण्याची तरतूद आहे. जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देता येतो. उणीव आहे ती माहितीची. अमेरिकेत नोट ७ परत मागवताना तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने फोन तापल्याच्या ९२ तक्रारी आल्याचे उघड सांगितले होते. अशी मोजदाद आपल्याकडेही हवी, आणि तिची सुरुवात रुग्णालयापासून व्हावी. भाजलेला किंवा विजेचा धक्का बसलेला रुग्ण आला की कारण फोन, चार्जर की बॅटरी, कोणत्या नावाची, अस्सल की बदललेली, एवढे चार रकाने केसपेपरवर वाढवणे अवघड नाही. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय यांनी ते भरले आणि जिल्ह्याने दर सहा महिन्यांनी जाहीर केले, तर कोणता चार्जर माणसे भाजतो हे कळेल. दुसरी मागणी कंपन्यांकडे: किमान पाच-सात वर्षे अस्सल बॅटरी तालुक्याच्या दुरुस्ती दुकानाला परवडेल अशा भावात मिळावी. युरोपीय संघाने २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देण्याचा नियम केला आहे. तिथे जमणारी गोष्ट इथे का जमू नये?

हे होईपर्यंत घरापुरते काही पाळता येईल. चार्जर किंवा बॅटरी घेताना त्यावर ‘आर’ अक्षर आणि आठ आकडी नोंदणी क्रमांक पाहावा. तो बीआयएस केअर अॅपवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसते. पावती मागावी. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल तर फोन चार्ज करू नये. ती बॅटरी दाबू नये, टोचू नये, केराच्या टोपलीतही टाकू नये. अंथरुणात किंवा उशीखाली चार्जिंग करू नये, कारण तिथे उष्णतेला वाट मिळत नाही. चार्जिंगला लावलेला फोन ओल्या हाताने धरू नये. निकृष्ट चार्जरमध्ये २३० व्होल्ट आणि फोनकडचे ५ व्होल्ट यांच्यातला अडसर कच्चा असतो, तो तुटला तर घराची वीज थेट हातात येते. फोन पेटलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, धुरापासून दूर व्हावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, तेल, बर्फ काहीही लावू नये. जखम मोठी असेल किंवा चेहरा, हात भाजले असतील तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. जळालेला फोन आणि चार्जर मात्र फेकू नये, पुरावा तोच असतो.

फोनशिवाय ना पिकाची नोंद होते ना बहिणीचा हप्ता मिळतो, अशी व्यवस्था सरकारनेच उभी केली आहे. ज्या वस्तूची सक्ती केली, ती घरात सुरक्षित आहे की नाही हे पाहणेही मग सरकारचेच काम ठरते. ते बाजारावर सोपवले तर बाजार आपल्या सवयीप्रमाणे पुढच्या मॉडेलकडे वळेल.