नुसता फोटो बघून चालत नाही!

१९५० साली आर्थर होग यांना एक अजब वस्तू सापडली. मधे पिवळा गोळा, भोवती निळं कडं आणि दोघांमधे जवळजवळ रिकामी जागा! त्यांनी एक शक्यता मांडली: गोळ्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकून कडं दिसत असेल. कल्पना झकास! पण पुढे वर्णपट घेतले, तर दोन्हींची रेडशिफ्ट सारखीच. म्हणजे कडं मागचं नाहीच, ती एकच दीर्घिका. अंदाज बाद!

मग हे कडं बनलं कसं? कोडं अजून सुटलेलं नाही. मित्रहो, जर्नलमध्ये आधी ग्राफ काढून मग रीडिंग 'बसवणाऱ्यांना' असं कोडं कधीच भेटणार नाही. न जुळणारं रीडिंग खोडू नका, तिथेच खरं काम सुरू होतं.