चिबडाचे बी

रोज मान्ना मिळत असतानाही इस्राएल लोक अरण्यात मिसर देशातील काकड्या व खरबुजे आठवून रडले (गणना 11:5). भाद्रपदात कारापूरच्या वाटेवर पिकल्या चिबडाचा वास आला, की आम्हांस त्यांचे फारसे नवल वाटत नाही. चिबूड नुसता खाल्ल्यास पिठूळ व फिका. परंतु गूळ, नारळाचा रस व भिजविलेले पोहे यांच्या संगतीने त्याची गोडी अशी खुलते, की बाजारचे खरबूज त्यापुढे पुचाट वाटावे!

पिकताच हे फळ तडकते, दूरच्या बाजारी टिकत नाही. म्हणून त्याचे बी राखणे घरच्यांच्याच हाती आहे.

गोव्याचे मुख्यमंत्री कै. मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गावच्या कलिंगडांची गोष्ट सांगत. एक शेतकरी मुलांना सर्वांत मोठी कलिंगडे पोटभर खाऊ देई. अट एवढीच, की बिया चावू नयेत. त्याच बिया पुढे पेरल्या जात. मुलाच्या अमदानीत मोठी फळे बाजारात जाऊ लागली, लहान मुलांना मिळू लागली. आणि पर्राचे कलिंगड वर्षानुवर्षे लहान होत गेले.

तेव्हा, माताभगिनींनो, वेलावरचा उत्तम चिबूड विकू नका. मुलांना द्या, बी धुऊन, राखेत घोळून वाळवा. शेजारी खरबुजाचा वेल असल्यास मधमाश्या संकर घडवितात. तो यंदाच्या फळात नव्हे, पुढील वर्षी दिसतो. काकडी वा कलिंगडापासून ही भीती नाही. मूठभर बी शेजारीही द्यावे. आपला वेल पावसात कुजला, तर तेथून परत मागता येईल.